दौलत, उकर्डा आणि तुम्ही

आबाजी, तुम्ही गेलात त्या दिवशी तुमच्या घरून परत आले तेव्हा आईने मला दारातच अडवलं. न्हाणीपाशी तिने बादली भरून ठेवली होती.

"पहिले आंघोळ कर, मंग घरात ये."

"मी कुठं त्यायच्या घरची हाये?"

"घरची नसली तरी गेली व्हती ना?"

"ओट्यावरच बसली व्हती. आत गेलीच नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिलाही नियम नीट माहीत नसावा. मग तिने विचारलं, "रडली का?"

"रडली."

"मंग कर आंघोळ."

मी आंघोळ केली. डोक्यावरून पाणी घेताना मला तुमची मोठी माय आठवली, जिला मी कधी पाहिलं नाही आणि जिने जिवंत मुलाच्या नावाने अशीच आंघोळ केली होती. ते आठवून मला हसू आलं आणि लगेच पुन्हा रडू आलं. तेव्हापासून माझं हे असंच चाललं आहे. ही आंघोळ मी कोणत्या नात्याने केली, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्ही माझे आजोबा नव्हतात. समोरच्या घरचे होतात, आणि आख्खी गल्ली तुम्हाला आबाजी म्हणायची म्हणून मीही म्हणायचे. एवढंच तर होतं.

बारावीपर्यंत मी तुमच्याशी दोन वाक्यंही धड बोलले नव्हते. बुलढाण्याला कॉलेजात गेल्यावर सरांनी सांगितलं की प्रत्येकाने आपल्या भागातल्या एखाद्या विसरल्या गेलेल्या माणसावर लिहायचं आणि वर्गासमोर मांडायचं. माझ्या वर्गातल्या मुलींच्या घरी कोणाचे वडील शिक्षक, कोणाचे काका वकील. त्यांनी लगेच नावं दिली. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. आमचं सगळं आयुष्य वांगी, मेथी आणि बाजाराचा दिवस यांच्यात गेलेलं. मी आईला फोन केला. ती म्हणाली, "समोरच्या आबाजीले विचार. त्यायचा बाप सिनेमात व्हता म्हने."

'म्हने.' हा शब्द तुमच्या मागे जन्मभर लागला होता, हे मला नंतर कळलं.

पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होतात. मी मोबाईल पुढे ठेवला आणि वर्गात शिकवलं होतं तसं म्हणाले, "आबाजी, तुमच्या वडिलांच्या कारकिर्दीविषयी सांगा."

तुम्ही शेंग हातात धरून विचारलं, "कायविषयी?"

"म्हनजे सिनेमात काय काय केलं ते."

"मंग तसं बोल ना, पोरी. मले वाटलं पोलीस ठान्यातून आली."

मग तुम्ही सांगायला लागलात, आणि माझी वही पहिल्याच दिवशी बिघडली, कारण तुम्ही कधीच एक गोष्ट एकाच प्रकारे सांगितली नाही. तुमचे वडील नाटक कंपनीबरोबर पळून गेले ते एकदा अकोल्याहून, एकदा खामगावहून. सिनेमात शिरले ते एकदा कोल्हापुरात, एकदा पुण्यात. मी विचारलं, नेमकं कुठं? तुम्ही म्हणालात, "तिकडं." आणि हात पश्चिमेकडे केलात.

एक गोष्ट मात्र कधी बदलली नाही. ती त्यांच्या आवाजाची. तुमच्या वडिलांचं नाव दौलत. लहानपणी त्यांना ज्वारीच्या मळ्यात माचाणावर पाखरं हाकलायला बसवत. तिथे कमावलेला आवाज तीन शेतं ओलांडून जायचा. ते सिनेमात गेले तेव्हा सिनेमा मुका होता आणि त्या आवाजाचा काहीच उपयोग नव्हता. गर्दीत भाला धरून उभं राहायचं काम. मग बोलपट आला. तेव्हा चित्र आणि आवाज एकाच वेळी, तिथल्या तिथे घेत. आवाज घेणारं यंत्र फुलदाणीत नाहीतर पडद्यामागे लपवलेलं असे. नायक-नायिका त्या फुलदाणीला चिकटून प्रेमाचं बोलत, कारण चार पावलं लांब गेलं की आवाज जाई. "आनि माहा बाप," तुम्ही म्हणायचात, "दरवाज्यातून बोलला तरी यंत्रवाला कानावरचं काढून फेके!"

म्हणून त्यांना दारातली कामं मिळायला लागली. धावत येऊन बातमी देणारा सरदार. नायकाचा इमानी मित्र. धाकटा भाऊ. नाव लागायचं 'दौलत वरवटकर', आपल्या गावावरून. आणि या सगळ्या माणसांचं एकच ठरलेलं असे. मध्यंतराच्या आसपास त्यांनी मरायचं. ते मेले की नायकाला चीड येणार आणि गोष्ट पुढे सरकणार.

"तं माह्या बापाचं काम काय?" तुम्ही मला परीक्षेत विचारावं तसं विचारायचात.

"मरायचं."

"हाव," तुम्ही मान डोलवायचात. "आनि तो मस्त मरे."

तो तंबूतला सिनेमा तुम्ही मला किती वेळा सांगितलात. तुमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण तुम्ही असं सांगायचात की जणू तुम्ही पुढच्या सतरंजीवर बसला होतात. संग्रामपूरच्या बाजाराच्या जागेवर तंबू लागला होता. गावातले लोक बैलगाड्या जुंपून गेले, कारण आपल्या गावचा पोरगा पडद्यावर बोलणार होता. तुमच्या वडिलांची आई, जिला तुम्ही मोठी माय म्हणायचात, तीही गेली. तिने आधी एकदा मुक्या सिनेमात मुलाला मरताना पाहिलं होतं. तेव्हा ती हसली होती. तोंड उघडतंय, आवाज नाही, हे मरणं तिला पोरखेळ वाटलं होतं.

या वेळी आवाज होता. त्या प्रसंगात मरताना म्हणायला त्यांना मोठं भारदस्त वाक्य दिलं होतं, राजाला उद्देशून. पण घाव बसला आणि त्यांच्या तोंडून निघालं, "माय वं!" पाखरं हाकलणारा तो आवाज. फिल्म महाग, पुन्हा कोण घेणार? ते तसंच राहिलं. आणि संग्रामपूरच्या तंबूत, अंधारात, मोठ्या मायने आपल्या पोराला आपल्याला हाक मारताना आणि मग गप्प होताना ऐकलं.

ती उठली. गाडीत जाऊन बसली. घरी येऊन विहिरीवर गेली, लुगड्यासकट आंघोळ केली आणि चूल विझवली. सगळे सांगत होते, माय, तो जिवंत आहे, हा खेळ आहे. ती म्हणाली, "मले समजते खेळ हाये. पन मी आयकलं ना."

दुसऱ्या दिवशी शेजारणी पिठलं-भाकर घेऊन आल्या. हे मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकतं, आबाजी. मोठ्या मायचं ठीक आहे. पण शेजारणींना तर माहीत होतं की कोणी मेलेलं नाही. मी तुम्हाला विचारलं, "त्यायनं काऊन आनली भाकर?" तुम्ही माझ्याकडे, ही पोरगी कॉलेजात काय शिकते, अशा नजरेने पाहिलंत.

"चूल बंद व्हती ना तिची," तुम्ही म्हणालात.

त्याच दिवशी कधीतरी तुम्ही "माय वं" करून दाखवलं. मी म्हटलं होतं, कसं ओरडले असतील ते? तुम्ही शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, छातीवर हात दाबला आणि ओरडलात. खुंट्याची बकरी दचकली. तुमच्या सूनबाई, रेखाकाकू, पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या.

"काय झालं, बाबा?"

"काई नाई. अजून मेलो नाई. सिनेमातलं सांगून राह्यलो."

"असं सांगते काय कोनी!" काकू तुमच्यावर चिडल्या, मग माझ्यावर. "आनि तू बी, असे कायचे प्रश्न इचारते त्यायले?"

त्यानंतर तुम्ही ते बरेचदा करायला लागलात. मी आले की करायचात, मी नसले तर दुसऱ्या कोणाला करून दाखवायचात. रेखाकाकू नंतर नंतर बाहेर येईनाशा झाल्या. आतूनच म्हणायच्या, "झालं काय मरून? चहा ठेवून राह्यली."

पुढे तुमचे वडील गावी आले. अंगात कोट, पायात बूट. आपल्यामागे काय झालं, त्यांना ठाऊक नव्हतं. मोठी माय दारात उभी राहिली आणि आत घेईना. "दौलत तं मेला," ती म्हणाली. "मी त्याची आंघोळ करून बसली." आता मेलेला माणूस परत आला, तर त्याला घरात घ्यायचं कसं? गावातल्या म्हाताऱ्यांनी तोड काढली, की तो नव्याने जन्मला असं धरा. म्हणजे बारसं करा.

आणि बारसं केलं. मिशा असलेल्या माणसाचं. पहिलं नाव काळाने पाहून ठेवलं होतं, म्हणून दुसरं असं ठेवायचं की त्याला घ्यावंसंच वाटू नये. आपल्याकडे पोरं जगत नसली की ठेवतात, तसं. कोटासकट त्यांना घरामागच्या उकिरड्यावर नेऊन बसवलं. तुमच्या सखूआत्याने, म्हणजे त्यांच्या बहिणीने, तिथून त्यांना 'उचललं', कानात कुर्र केलं आणि नाव ठेवलं, उकर्डा. मग घुगऱ्या वाटल्या. ज्या शेजारणी पिठलं घेऊन आल्या होत्या, त्याच घुगऱ्या खाऊन गेल्या.

कधी तुम्ही म्हणायचात की ही सगळी सखूआत्याची थट्टा होती, गावाने नुसती मजा केली. कधी म्हणायचात की थट्टा नव्हती, कोणीच हसलं नव्हतं. मी विचारलं, "मंग नेमकं काय?" तुम्ही म्हणालात, "हासलेही असतीन. रडलेही असतीन. तू तं एकच लिव म्हनते."

तेव्हा मला तुमचा राग यायचा. आता तुम्ही गेलात त्या दिवशी न्हाणीत मी नेमकं काय करत होते, असं कोणी विचारलं तर मलाही एकच लिहिता येणार नाही.

जाताना मोठ्या मायने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं की पुन्हा पडद्यावर मरायचं नाही. त्यांनी मान हलवली आणि तिकडे जाऊन कंपनीच्या मालकाला तसं सांगितलं. मालकाचं बोलणं तुम्ही नाकातून बोलून दाखवायचात, "अहो वरवटकर, तुम्ही मेला नाहीत तर आमची गोष्ट पुढे कशी जायची?" कामं बंद झाली. आपल्या मुलुखाचं बोलणं तोंडात असलेल्या माणसाला नायकाचं काम कोणी देणार नव्हतं. म्हणून त्यांनी कॅमेऱ्यामागची कामं धरली. सामान आणणं, माणसं जमवणं, जेवणखाण, गाड्या. त्यातून माणसांच्या ओळखी झाल्या, आणि शेवटी ते स्वतःच सिनेमे काढायला लागले. निर्माता म्हणून नाव लावलं ते बारशात ठेवलेलं, 'उ. वरवटकर'. दौलत हे नाव त्यांनी पुन्हा कधी लावलं नाही.

यावरून आपलं मोठं भांडण झालं होतं. तुम्ही म्हणालात, "माह्या बापाच्या सिनेमात कोनी मरत नसे. म्हनून तं ते चालले नाई."

मी ग्रंथालयात जुन्या सिनेमांच्या माहितीचं एक पुस्तक वाचून आले होते. मी म्हटलं, "आबाजी, त्यात लिवलं हाये की एका सिनेमात शेवटी खलनायक कड्यावरून पडून मरते."

"तो खलनायक व्हता."

"मंग त्याले माय नसन काय?"

मला वाटलं मी जिंकले. मग तुम्ही हळूच म्हणालात, "असन. पन ती संग्रामपूरची नसन."

आपण दोघंही किती हसलो होतो.

त्याच पुस्तकामुळे सगळं बिघडलं. त्यात दौलत वरवटकर हा एक नट होता, दुय्यम भूमिका करणारा, आणि काही वर्षांनी त्याचं नाव येणं थांबतं. उ. वरवटकर हा दुसरा माणूस होता, निर्माता, आणि त्याचा आधी कुठेच उल्लेख नाही. मी सरांना सांगितलं की हे दोघं एकच आहेत. सर चांगले आहेत. त्यांनी मला समोर बसवून समजावलं की त्या काळच्या बऱ्याच फिल्म आता उरलेल्या नाहीत, त्यामुळे पडताळून पाहता येत नाही. आडनाव गावावरून घेतलेलं, तेव्हा बहुधा भाऊ असतील, नाहीतर चुलतभाऊ. "घरच्या आठवणी सुंदर असतात," ते म्हणाले, "पण पुरावा लागतो."

मी येऊन तुम्हाला विचारलं, तुमच्या वडिलांना भाऊ होता का? तुम्ही उठून आत गेलात आणि दोन फोटो घेऊन आलात. एकात दाढी, शिरस्त्राण, कपाळावर रक्त, मागे रंगवलेला किल्ला. दुसऱ्यात टोपी घातलेला, गुळगुळीत चेहऱ्याचा, कोणाच्या तरी लग्नात उभा असलेला माणूस.

"कान पाह्य," तुम्ही म्हणालात. "दाढी लावता येते. कान नाई लावता येत."

मी मोबाईलवर दोन्ही फोटोंचे कान मोठे करून पाहिले. मोठे केले की ते कान राहतच नव्हते, नुसते राखाडी ठिपके होत होते. "सारखे वाटतात," मी म्हणाले. तुम्हाला कळलं की मला काही दिसलेलं नाही.

त्या दिवशी तुम्ही मला शाळेतलं सांगितलंत. हजेरीत तुमचं नाव नामदेव उकर्डा. पोरं म्हणायची, "उकर्ड्याचा पोरगा, अन् बाप म्हने सिनेमात!" सिनेमात होता तो दौलत, आणि दौलत तर मेला, एवढंच पोरांच्या कानावर होतं. ज्यांनी घुगऱ्या खाल्ल्या ती पिढीही पुढे गेली आणि उरलं ते एवढंच. एखादं पोरगं म्हणे, दौलत तुझा काका असेल. एखादं म्हणे, तुझा बाप कंपनीत भांडी घासत असेल. बसथांब्यावर म्हातारे झालेले तेच मित्र परवापर्यंत तुम्हाला तेच म्हणत होते, आणि तुम्ही हसून सोडून देत होतात.

"तुमच्या बाबांनी तुम्हाला स्वतः नाही सांगितलं?" मी विचारलं होतं. त्या वेळी माझ्या तोंडून पुस्तकी भाषा निघाली होती.

"इचारलं व्हतं मी. ते हासले. म्हने, आत्याले विचार. तुले सांगतलं ते सारं आत्याचंच."

बुलढाण्याची बस गाठायची होती म्हणून मी उठले. तुम्ही ओट्याच्या कडेपर्यंत आलात. ती आपली शेवटची भेट ठरेल, असं तेव्हा काहीच दिसत नव्हतं. ऊन होतं, बकरी ओरडत होती, काकू धुणं वाळत घालत होत्या.

तुम्ही म्हणालात, "पोरी, कॉलेजात सांगशीन ना? एकच असन ना?"

मी म्हणाले, "पाह्यतो, आबाजी."

बसमध्ये मला वाटत राहिलं, तुम्ही मला गळ घालताय. सरांसमोर तुमची बाजू मांडायला सांगताय. थोडा रागही आला होता, की पुरावा नसताना मी कसं सांगू. तुम्ही 'एकच व्हता असं सांग' म्हणाला नव्हतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. तुम्ही विचारत होतात. इतके दिवस मी तुम्हाला विचारायला येत होते, आणि तुम्ही बहुधा माझ्याकडून कळेल म्हणून सांगत होतात. जन्मभर ऐकलेलं 'म्हने' तुमच्याही आत कुठेतरी जाऊन बसलं होतं का? आता हे मी कोणाला विचारू?

तुम्ही गेल्याचं आईने फोनवर सांगितलं. मी आले तेव्हा तुम्हाला नेऊन झालं होतं. रेखाकाकूंनी माझा हात धरला आणि त्या एकच गोष्ट सांगत राहिल्या. सकाळची भाकर चालू होती. तुम्ही बाहेर ओट्यावर "माय वं" म्हणालात. त्यांना वाटलं, कोणी आलंय आणि तुम्ही सिनेमातलं सांगताय. त्यांनी आतूनच म्हटलं, "झालं काय मरून?" तव्यावरची भाकर उलटली, ती काढली, मग बाहेर आल्या.

डॉक्टर म्हणाले की लगेच आल्या असत्या तरी उपयोग नव्हता. गजाननकाका, म्हणजे तुमचा मुलगा, तेही त्यांना तेच सांगत होते. मी काय सांगणार होते? तुम्हाला पहिल्यांदा ओरडायला मीच लावलं होतं. पण काकूंच्या बोलण्यात माझ्यावर ठपका नव्हता. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, "आवाज तसाच व्हता वं. अगदी तसाच. मले काय मालूम, या टायमाले खरा हाये?"

माझ्या मोबाईलमध्ये तुमचा तो आवाज आहे. मी ऐकलेला नाही. ऐकला तर कोणता ऐकू येईल, याची भीती वाटते. तुमच्या वडिलांचा, तुम्ही सांगितलेला, की त्या सकाळचा?

आई त्या दिवशी पिठलं करून तुमच्याकडे घेऊन गेली. मी परात धरून तिच्यामागे होते. का नेतात ते मी या वेळी विचारलं नाही. चूल बंद होती तुमची.

हे सगळं लिहायला बसले ते खरं तर काल जे झालं त्यामुळे. काल तुमची तेरवी झाली. सकाळी अंगणात विधी होता. महाराजांनी तुमच्या नावाचा पिंड ठेवला होता, आणि पुढे तुमच्या वडिलांचा, आजोबांचा, पणजोबांचा. तुमचा पिंड त्यांच्यात मिसळायचा असतो, हे मला माहीत नव्हतं. मी बायकांमध्ये मागे उभी होते.

महाराज म्हणाले, "मृताच्या वडलांचं नाव घ्या."

गजाननकाका म्हणाले, "उकर्डाजी." आणि थांबले. हातातलं पाणी तसंच. "पन बाबा म्हनत, त्यायचं खरं नाव दौलत."

"एक काय ते सांगा."

"दौलत तं दुसराच कोनी व्हता म्हने," बसथांब्यावरचे तुमचे एक मित्र बोलले. वाईट हेतूने नाही. विधी चुकू नये म्हणूनच बोलले असतील.

काकांनी मान वळवली आणि बायकांच्या गर्दीत मला शोधलं. "तू लिवून राह्यली ना यायचं कॉलेजात? तुले काय सापडलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आबाजी, त्या क्षणी माझ्याकडे काय होतं? पुस्तकात दोन माणसं. सरांनी सुचवलेला चुलतभाऊ. राखाडी ठिपके झालेले कान. दर वेळी वेगळं गाव सांगणारे तुम्ही. आणि आई, जी माझ्या शेजारीच उभी होती आणि हळूच म्हणत होती, "नसन मालूम तं नाई म्हन."

"एकच व्हते," मी म्हणाले. माझा आवाज अंगणाच्या शेवटापर्यंत गेला. "दोन्ही नावं घ्या. मानूस एकच व्हता."

"पक्कं?" महाराजांनी विचारलं.

"पक्कं."

महाराजांना काही अडचण नव्हती. "दौलत ऊर्फ उकर्डा," ते म्हणाले. काकांनी तसं म्हणून पाणी सोडलं, आणि तुमचा पिंड त्या पिंडात मिसळला. पलीकडे बुंदीची कढई तापत होती, तिकडे लोक वळले.

मी खरं बोलले की खोटं, मला कळत नाही. रात्रभर याच विचारात होते. पुरावा मला काल मिळाला नाही, आजही नाही. पुढच्या आठवड्यात वर्गासमोर उभं राहायचं आहे. सर विचारतील, आणि त्यांनी विचारलंच पाहिजे. मी त्यांना पुस्तकात काय आहे ते सांगेन. कान जुळवून पाहता आले नाहीत तेही सांगेन. मग मोठ्या मायची आंघोळ सांगेन, उकिरड्यावरचा कोट सांगेन, आणि तुमच्या अंगणात कोणापुढे काय म्हणाले तेही सांगेन. ते मला कमी गुण देतील बहुतेक. चालेल असं म्हणवत नाही, मला शिष्यवृत्तीसाठी गुण लागतात. पण जे नाव घेऊन पाणी सोडलं गेलं, ते वर्गात जाऊन परत कसं घेऊ?

ओट्याच्या कडेला उभं राहून तुम्ही एक विचारलं होतं आणि मी "पाह्यतो" म्हणून बसमध्ये बसले होते. तुम्हाला वाट पाहायला लावली, आणि उत्तर तुमच्या मागे, सगळ्या गल्लीसमोर दिलं. तुम्हाला ऐकू गेलं की नाही, हेही मला माहीत नाही. म्हणून इथे एकदा परत लिहिते.

हाव, आबाजी. एकच.